होकार

त्या सकाळी धाकटीचं डोकं दुखत होतं. ती पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिली. शेजारच्या पलंगावरून उठलेल्या थोरलीने तिला हलवून हातांनीच विचारलं, काय झालं? धाकटीने एक हात बाहेर काढला, कपाळावर मूठ आपटून दाखवली आणि हात परत आत घेतला. आज मी येत नाही, असा त्याचा अर्थ. थोरलीला ते पटलं नाही. लाँड्रीत आदल्या दिवशीचे ढीग तसेच पडले होते, हॉटेलच्या चादरी दुपारपर्यंत द्यायच्या होत्या, आणि काउंटरवर धाकटी नसली की मालक स्वतः बसून सगळा घोळ घालून ठेवायचे. तिने पांघरुणाचं टोक धरलं आणि एका झटक्यात ओढून काढलं. धाकटीने हवेत शिव्या दिल्यासारखे हात केले, हसली आणि उठली.

दोघी बहिणी पन्नाशी ओलांडलेल्या. थोरलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बहिऱ्या मुलांची शाळा दूर, दुसऱ्या गावी होती, आणि एवढीशी पोर परक्यांत कशी ठेवायची म्हणून आईने तिला पाठवलंच नाही. तिला आकडे यायचे, स्वतःचं नाव गिरवता यायचं, बाकी अक्षरं म्हणजे कागदावरच्या मुंग्या. पण ती मुकी नव्हती. गल्लीत तिला मुकी म्हणायचे, ते गल्लीला काही कळत नव्हतं म्हणून. धाकटी रांगायला लागली तेव्हापासून दोघींनी मिळून हातांची एक भाषा तयार केली होती. करंगळी म्हणजे धाकटी, अंगठा म्हणजे थोरली. नाक पुसलं की त्यांचा भाऊ, कारण लहानपणी त्याचं नाक सतत वाहायचं. आता तो एका कारखान्यात स्टोअरकीपर होता, पोट सुटलं होतं, चष्मा लागला होता, तरी त्या दोघींत तो नाक पुसूनच ओळखला जायचा. कमरेवर हात ठेवला की वहिनी. डोक्यावरून तळवा फिरवला की लाँड्रीचे मालक, कारण त्यांच्या टाळूवर औषधालाही केस नव्हता. मालकांना कित्येक वर्षं वाटत होतं की थोरली आपल्याला सलाम करते, आणि तेही आदराने उलटा सलाम करायचे. मग दोघी बहिणी इस्त्रीच्या टेबलाआड जाऊन पोट धरून हसायच्या.

त्या भाषेत नुसती माणसंच नव्हती. काल होता, पुढचं वर्ष होतं, लाज होती, संशय होता, कोणाचं कोणाशी फिसकटलं तेही होतं. लाँड्रीत थोरली आतल्या बाजूला वाफेच्या इस्त्रीवर उभी असायची आणि धाकटी पुढे काउंटरवर. मधल्या भिंतीत कपडे सरकवायला एक खिडकी होती. गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत त्याची सगळी कुंडली त्या खिडकीतून आत पोचलेली असायची.

धाकटीला स्थळं आली होती. तिने एकालाही होकार दिला नाही. "मी गेले तर हिच्याशी बोलणार कोण?" एवढंच म्हणायची. एकीच्या पायी दुसरीचं आयुष्य वाया गेलं, असं नातेवाईक हळहळायचे. तेव्हा धाकटी म्हणायची, "वाया कसलं? दिवसभर गप्पा मारते मी. तुमचे नवरे तुमच्याशी किती बोलतात ते आधी सांगा."

तर त्या दिवशी अकराच्या सुमाराला थोरलीने एका सदऱ्याची कॉलर दाबता दाबता वर पाहिलं, तर खिडकीत धाकटी दिसत नव्हती. काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक तोंड मोठं उघडून काहीतरी ओरडत होतं. थोरली पुढे धावली. धाकटी खाली पडली होती, टॅगांचा डबा तिच्या अंगावर सांडला होता, आणि तिचा उजवा हात फरशीवर नुसता पडून होता. थोरलीने तो हात उचलला. तो काहीच म्हणाला नाही.

इस्पितळात डॉक्टर भावाशी बोलले. भाऊ वहिनीशी बोलला, वहिनी फोनवर कोणाकोणाशी बोलली. थोरली प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होती. तिने भावाची बाही ओढली. भावाने तळहात दाखवला, थांब. घरात सगळ्यांना मिळून तिच्याशी बोलायला चार शब्द यायचे. जेव, झोप, चल आणि थांब. त्यातला थांब सगळ्यांना फार चांगला यायचा. एरवी ती काही सांगायला लागली की सगळे मान डोलवायचे, हो, हो, म्हणजे तिला बरं वाटायचं आणि त्यांनाही. बाकीचं धाकटी सांभाळायची.

ती दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी काचेतून तिला दिसलं की एक नर्स धाकटीच्या तोंडावर चादर ओढते आहे.

माणसं आली, बसली, डोळे पुसून गेली. बायकांनी थोरलीला पोटाशी धरलं, तिच्या पाठीवरून हात फिरवले. त्यांच्या प्रेमात खोट नव्हती. पण कोणी तिला काही सांगितलं नाही, कारण कोणाला सांगता येत नव्हतं. काय झालं होतं, कशाने झालं, डोक्यात काय फुटलं, यातलं तिला काहीही माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच, की डोकं दुखतं म्हणून धाकटी झोपली होती आणि आपण तिचं पांघरूण ओढलं.

काही आठवड्यांनी ती आपली आपण लाँड्रीत गेली. मालक खूष झाले. त्यांनी काउंटर स्वतःकडे घेतला आणि खिडकीतून कपडे सरकवायला लागले. सुरुवातीला बरं चाललं. मग एका दुपारी मालकांना जळका वास आला. ते आत आले तर इस्त्री एका पांढऱ्या झग्यावर टेकलेली, कापड तपकिरी होऊन धूर निघतोय, आणि थोरली खिडकीकडे बघत उभी. मालकांनी इस्त्री उचलली, स्विच बंद केला. ते रागावले नाहीत. त्यांनी तिचा एप्रन हलकेच सोडला, दाराकडे हात केला आणि दोन्ही हात गालाखाली घेऊन दाखवलं, जा, आराम कर थोडे दिवस. त्यातलं 'थोडे दिवस' काही हातांनी दाखवता आलं नाही. थोरलीने एप्रनची चौकोनी घडी घातली, टेबलावर ठेवली आणि घरी आली. आपल्याला काढून टाकलं, असं ती धरून चालली. का, तेही तिला ठाऊक होतं असं तिला वाटलं, आणि ते कारण जळका झगा नव्हतं.

त्यानंतर ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. वहिनी ताट घेऊन जायची. दोन घास, कधी तेही नाही.

"अहो, मोठ्या ताई एकट्याच हातवारे करतात," वहिनी एक दिवस भावाला म्हणाली. "पांघरुणाच्या आत. मी पाहिलं. मला भीती वाटते हो. डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना?"

"दुःख आहे. जाईल हळूहळू," भाऊ म्हणाला.

पुढे पुढे हात हलायचेही थांबले. वहिनीला आधी हायसं वाटलं. मग आणखी काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की आपल्याला उगाच हायसं वाटलं.

ते तिला मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी थोरलीला आपल्यासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि भावाला बाजूच्या.

"यांना काय होतंय?"

"जेवत नाही, उठत नाही. बहीण गेली ना, त्याचं मनाला लावून घेतलंय."

"हे तुम्ही सांगताय. त्या काय म्हणतात?"

"तिला बोलता येत नाही, डॉक्टर."

"ते कळलं. पण तुम्ही त्यांना विचारलंत का?"

भाऊ गोंधळला. "विचारायचं कसं?"

"घरात कसं बोलता त्यांच्याशी? खुणांनी? मग त्या खुणा ज्यांना चांगल्या येतात त्यांना घेऊन या. औषध मी देते, पण मला यांच्याशी बोलायचंय. कोणाला येतात?"

"माझ्या दुसऱ्या बहिणीला."

"मग त्यांना आणा."

भावाने मागे उभ्या वहिनीकडे पाहिलं. वहिनीच म्हणाली, "त्याच तर गेल्या."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. त्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरली टेबलाच्या कडेकडे बघत होती.

त्यांनीच मग बहिऱ्यांच्या मंडळाचा पत्ता दिला. एका हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्याची खोली होती, दर रविवारी तिथे बैठक भरायची. भाऊ थोरलीला घेऊन जिना चढला तर आत तीस-चाळीस माणसं बोलत होती आणि आवाज फक्त पंख्याचा. कोणी हाताने भांडत होतं, कोणी हसत होतं, एक बाई पाठमोऱ्या नवऱ्याच्या खांद्यावर थापटून त्याला वळवून वळवून सुनावत होती. भावाला वाटलं, झालं, आलो एकदाचे योग्य जागी.

थोरलीने ते हात पाहिले. किती वेगाने चालले होते! तिला त्यातलं काहीच कळत नव्हतं. एक बाई पुढे येऊन तिच्याशी बोलली. थोरलीने मान हलवली नाही की हात वर केला नाही. दुसरी आली. मग सगळ्या खोलीचं लक्ष तिच्याकडे गेलं, आणि ती भावाच्या मागे जाऊन उभी राहिली. आजवर तिला वाटत आलं होतं की ऐकू येणाऱ्यांच्या जगात आपण परक्या आहोत. आता न ऐकू येणाऱ्यांच्यातही परकी झाली.

तिथे एक दुभाषी बाई होत्या. त्यांचे आईवडील बहिरे, त्यामुळे दोन्हीकडचं त्यांना यायचं. त्यांनी भावाला समजावलं. "यांची भाषा वेगळी आहे. आमची शाळेतून, मंडळांतून आलेली. यांची घरात तयार झालेली. दोघींचीच होती ना? मग आता ती बोलणाऱ्या या एकट्याच."

"मला शिकवा तुम्ही," भाऊ म्हणाला.

"कुठली शिकवू? माझी त्यांना येत नाही, त्यांची मला येत नाही. तुम्ही त्या घरात वाढलात. जी काही दुसऱ्या कोणाला येत असेल ती तुम्हालाच."

घरी येऊन भाऊ बराच वेळ आठवत बसला. सहा-सात वर्षांचा होईपर्यंत तोही त्या दोघींबरोबर हातांनी खेळायचा, हे त्याला आठवलं. मग मित्र मिळाले, क्रिकेट आलं, ते मागे पडलं. करंगळी, अंगठा, पाणी, पाऊस, मांजर, रुसणं. एवढं सापडलं. ते घेऊन तो संध्याकाळी मागच्या खोलीत गेला आणि तिच्या पलंगाच्या कडेला बसला.

त्याने करंगळी दाखवली. थोरलीने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. त्याने करंगळी परत दाखवली, मग डोक्याला हात लावला, मग बोटं फाकवून काहीतरी फुटल्याची खूण केली. धाकटीच्या डोक्यात रक्तवाहिनी फुटली, असं त्याला सांगायचं होतं. थोरली उठून बसली. तिचे हात चालू लागले, आधी जड, मग भराभर. अंगठा. करंगळी. कपाळावर मूठ. मग तिने दोन्ही हातांनी काहीतरी धरून जोरात ओढल्याची खूण केली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलं नाही. तिने परत केली. अंगठा, ओढणं, करंगळी, फुटणं. आणि भुवया उंचावून ती थांबली.

ती विचारत होती, मी ओढून उठवली म्हणून ती मेली का?

भावाला चादर आठवली. नर्सने धाकटीच्या तोंडावर ओढलेली. त्याला वाटलं, ती त्या चादरीचंच बोलते आहे, मी पाहिलं म्हणते आहे. त्याचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांनी आपलं बहिणीशी काहीतरी जुळलं, या भरात त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि मान डोलवली. हो. हो, ताई. हो.

थोरलीने त्याच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग आपले हात सोडवून घेतले आणि आडवी झाली.

"बोलली," बाहेर येऊन भाऊ वहिनीला म्हणाला. "आज माझ्याशी बोलली ती." आणि रडला.

दुसऱ्या दिवसापासून थोरलीने तोंडात अन्न घेतलं नाही. वहिनीने घास भरवायचा प्रयत्न केला तर दात मिटून घ्यायची. पाणीही चमच्या-चमच्याने पाजावं लागायचं. आठवडा संपायच्या आत तिला इस्पितळात ठेवावं लागलं. सलाइन लावलं, ते तिने एकदा काढून टाकलं, मग नर्स तिच्यावर लक्ष ठेवायला लागल्या. भावाला काही उमगेना. "बरी होत होती हो," तो भेटेल त्याला सांगत होता. "आदल्याच दिवशी माझ्याशी बोलली."

दुभाषी बाईंना कळलं तेव्हा त्या आल्या. येताना मंडळातल्या एका वयस्कर गृहस्थांना घेऊन आल्या. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचे, म्हणून मंडळात सगळे त्यांना चष्मेवाले म्हणायचे. शाळेत जायच्या आधी तेही खेड्यात घरच्या खुणांवरच वाढले होते. ते पहिल्या दिवशी काहीच बोलले नाहीत. नुसते खुर्चीत बसून राहिले, जाताना हात हलवून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. दुकान सुटल्यावर यायचे, डब्यातलं खायचे, बसायचे. एकदा एका नर्सची चाल त्यांनी इतकी हुबेहूब करून दाखवली की थोरलीच्या ओठाचं टोक हललं. मग त्यांनी स्वतःचं कोण गेलं ते सांगितलं. शब्दांनी नाही, आपल्या भाषेच्या खुणांनीही नाही. बायको कशी चालायची, कशी खोकायची, एके दिवशी खाट कशी रिकामी झाली, ते सगळं अंगाने करून दाखवलं. थोरली बघत राहिली.

तिने सांगायला घेतलं त्याला आणखी बरेच दिवस गेले. एकेक खूण त्यांनी तिच्याकडून तीन-तीनदा करून घेतली. कळलं नाही की ते मान डोलवायचे नाहीत, स्वच्छ सांगायचे, नाही कळलं, परत. पलंग, पांघरूण, सकाळ, करंगळी. ते जोडत गेले आणि दुभाषी बाईंना सांगत गेले. एका संध्याकाळी दुभाषी बाई व्हरांड्यात आल्या. भाऊ बाकावर बसला होता.

"त्यांना वाटतंय, बहीण त्यांच्यामुळे गेली," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं, ती झोपली होती. यांनी पांघरूण ओढून तिला उठवलं, कामाला नेलं."

"छे! त्याचा काय संबंध? ती घरी असती तरी शीर फुटलीच असती, डॉक्टर म्हणाले तेव्हाच."

"ते त्यांना कोणी सांगितलं का?"

भाऊ बाकावरून उठला.

"आणि त्या म्हणतात," बाई जरा अडखळल्या, "की भावाला विचारलं, तर तो हो म्हणाला."

भावाला पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्याचे स्वतःचे हात वर आले आणि हवेतलं काहीतरी धरून ओढल्यासारखे झाले, आणि तसेच राहिले.

तो आत गेला. थोरलीसमोर उभा राहून मान हलवायला लागला, नाही, नाही, ताई, नाही. करंगळी दाखवली, अंगठा दाखवला, अंगठा पुसून टाकल्यासारखा केला, परत मान हलवली. चष्मा घसरला तो त्याने सावरला नाही. थोरली शांतपणे त्याच्याकडे बघत होती. आधी हो म्हणाला होता. आता नाही म्हणत होता.

चष्मेवाल्यांनी त्याला बाजूला केलं. त्यांनी सलाइनची नळी बोटात धरली, आपल्या कपाळाशी नेली. नळी आत असते, असं दाखवलं. कित्येक वर्षं झिजत गेलेली, पातळ झालेली. मग करंगळी झोपलेली दाखवली, नळी फुटली. करंगळी उभी दाखवली, नळी फुटली. जेवताना, फुटली. हसताना, फुटली. थोरलीने ते शेवटपर्यंत पाहिलं. त्या रात्री तिने नर्सच्या हातून थोडी पेज घेतली.

ती घरी आली. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू झाल्या. मालक स्वतः येऊन एप्रन देऊन गेले, आणि ती अर्धा दिवस लाँड्रीत जायला लागली. रविवारी मंडळात जाते. तिथली भाषा तिला सावकाश येते आहे, या वयात जेवढी यावी तेवढी. भाऊ मागच्या बाकावर बसून तीच भाषा शिकतो. त्याची बोटं जाड, सारखी चुकतात.

वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मेवाल्यांना आणि दुभाषी बाईंना मुद्दाम बोलावून घेतलं, आणि थोरलीला विचारलं, कसं वाटतं? प्रश्न दुभाषी बाईंकडून चष्मेवाल्यांकडे गेला, त्यांच्याकडून तिच्याकडे. तिने वेळ घेतला. उत्तर उलट वाटेने आलं.

"झोप लागते म्हणतात. दुपार बरी जाते. सकाळ वाईट. डोळे उघडले की लगेच वाईट."

"आणि बहिणीचं? अजून वाटतं का, की..."

हे उत्तर यायला आणखी वेळ लागला. दुभाषी बाईंनी भावाकडे एकदा पाहिलं.

"म्हणतात, नळीचं कळलं मला. कधी खरं वाटतं, कधी नाही. भाऊ नाही म्हणतो. भाऊ भला माणूस आहे. पण त्याला बोलता येत नाही."

भावाने मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी गोळी तीच ठेवली आणि पुढची तारीख दिली.

घरी आल्यावर वहिनीने विचारलं, काय म्हणाल्या ताई? सकाळ वाईट जाते, एवढं भावाने सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी उजाडताच उठली आणि चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत गेली. थोरली जागी होती, छताकडे बघत. वहिनी धाकटीच्या रिकाम्या पलंगावर बसली. बोलायचं काय ते तिला सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी सांगता आलं नसतं. थोरलीने चहा घेतला नाही. वहिनी बसून राहिली. बाहेर दूधवाल्याची घंटा वाजली, भाऊ मोरीवर खाकरला, कप निवून गेला. बऱ्याच वेळाने थोरली उठून बसली, वहिनीकडे पाहिलं, आणि पांघरुणाची घडी घालायला लागली. वहिनीने दुसरं टोक धरलं.